डायटिशियन आहात आणि मीडियात काम हवंय? लिंक्डइनवरच्या या चुका टाळा

श्रावण लागायच्या आधी, नवरात्राच्या आधी, दिवाळीच्या फराळाला आणि मग जानेवारीत सगळे वजन कमी करायचं ठरवतात तेव्हा, मुंबईतल्या प्रत्येक पेपरला, चॅनेलला, पॉडकास्टवाल्यांना एक डायटिशियन लागते. दर वर्षी लागते. तरी तीच तीच चार नावं दिसतात आणि एसएनडीटी नाहीतर निर्मला निकेतनमधून एमएससी करून वॉर्डात रोज राउंड घेणाऱ्या हुशार मुलींना वाटतं की इथे ओळखीशिवाय काही होत नाही. ओळखीचं थोडं खरं आहे. पण पुष्कळदा अडचण त्याहून साधी असते, प्रोफाइल बघून समोरच्याला कळतच नाही की या बाईंना नेमकं कशाबद्दल विचारायचं.

प्रोफाइल एचआरसाठी लिहिलेलं असतं

ही सगळ्यात मोठी चूक, बाकीच्या निम्म्या हिच्यातूनच येतात. हेडलाइनला काय असतं, तर "डायटिशियन, अमुक हॉस्पिटल". नोकरीसाठी एवढं पुरतं. पण पेपरातली सब-एडिटर दुपारी तीनला बातमी घेऊन बसलीय, संध्याकाळी तिला पान सोडायचंय, तिला तुमच्या पदाशी काही घेणं नाही, तिला किडनीच्या पेशंटनी नारळपाणी प्यावं का यावर नीट, मराठीत आणि आत्ता बोलणारं माणूस हवंय. हेडलाइनला २२० अक्षरं मिळतात, ती वापरा ना. असं काहीतरी लिहा: "क्लिनिकल डायटिशियन, आरडी | किडनी आणि डायबेटिसचा आहार | टीव्ही, रेडिओ, लेखांसाठी मराठी-हिंदी-इंग्रजीत उपलब्ध". यात विषय आला, पात्रता आली (आरडी म्हणजे रजिस्टर्ड डायटिशियन), भाषा आली आणि तुम्ही मीडियाशी बोलायला तयार आहात हेही कळलं. "पॅशनेट", "होलिस्टिक" वगैरे शब्द काढून टाका, ते कोणी सर्च करत नाही.

आणि विषय दोनच ठेवा, फार तर तीन. वेट लॉस, पीसीओडी, थायरॉइड, पोटाचं आरोग्य, लहान मुलं, स्पोर्ट्स सगळंच लिहिलेल्या प्रोफाइलवरून कुठल्याच विषयाला फोन येत नाही. डायलिसिस युनिटमध्ये रोज पोटॅशियम-फॉस्फरसचा हिशोब करणारी मुलगी स्वतःला "वेट लॉस एक्स्पर्ट" म्हणवते तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण वेट लॉसवर बोलणारे गल्लोगल्ली आहेत आणि तिला जे येतं ते फार थोड्यांना येतं. कॅन्सर वॉर्ड, अंगणवाडी, शाळेचं कॅन्टीन, जिथे तुमचे हात रोज कामात असतात तेच वर आणा.

डिग्री लपवणं आणि फुगवणं

न्यूट्रिशनिस्ट कोणीही म्हणवून घेतं, वीकेंडचा ऑनलाइन कोर्स केलेलेसुद्धा. म्हणून तुम्ही इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा देऊन आरडी झाला असाल तर ते नावाशेजारीच दिसलं पाहिजे, खाली सर्टिफिकेट्सच्या ढिगात नको. उलट बाजूनं, पीएचडी नसताना नावापुढे "डॉ." लावू नका, चॅनेल ते जसंच्या तसं स्क्रीनवर टाकतं आणि मग एखाद्या प्रेक्षकानं हरकत घेतली की तुम्हाला परत बोलावत नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये ॲस्कीनं (जाहिरातींवर लक्ष ठेवणारी संस्था) आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं हेल्थवर बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरसाठी नियम आणले, त्यात पात्रता स्पष्ट सांगावी असं म्हटलंय. शिकलेल्या माणसाला हा नियम सोयीचाच आहे, त्याचा फायदा घ्या.

लोक प्रोफाइल बघतात पण मेसेज येत नाही

असं होत असेल तर आधी तीन गोष्टी तपासा. एक, संपर्क. कॉन्टॅक्ट इन्फोमधला ईमेल साधारणपणे फक्त तुमच्या कनेक्शनला दिसतो आणि रिपोर्टर तुमचं कनेक्शन नसतो, त्यामुळे कामाचा वेगळा ईमेल अबाउटमध्ये सरळ लिहा. तोही पहिल्या दोन-तीन ओळींत, कारण पुढचं सगळं "सी मोर"च्या मागे जातं आणि घाईतला माणूस ते उघडत नाही. घरचा मोबाइल नंबर मात्र टाकू नका, नको ते फोन येतात, विशेषतः बायकांना. दोन, इनबॉक्स. अनोळखी माणसाचे मेसेज कधीकधी "अदर" टॅबमध्ये जाऊन पडतात, आठवड्यानं बघितलं तर नवरात्र संपलेलं असतं. तीन, फोटो. हातात सफरचंद आणि गळ्यात मेजरिंग टेप असलेला फोटो पेपरात छापायच्या उपयोगाचा नसतो. साध्या भिंतीसमोरचा, अलीकडचा फोटो लावा, मूळ फाइल जपून ठेवा आणि मागितला की मेलनं पाठवा, कारण व्हॉट्सॲपवर साधा फोटो टाकला की क्वालिटी जाते आणि डेस्कवाले वैतागतात.

पुरावा नाही

"मी चांगलं बोलते" हे लिहून कोणाला पटत नाही. प्रोफाइलच्या फीचर्ड विभागात काहीतरी ठेवा. आधी कुठे छापून आलं असेल तर नुसती लिंक नको, ई-पेपरच्या लिंक नंतर उघडत नाहीत नाहीतर लॉगिन मागतात, कात्रणाची पीडीएफ करून टाका. काहीच छापून आलं नसेल तरी अडत नाही, दीड मिनिटाचा व्हिडिओ करा, खिडकीकडे तोंड करून, पंखा बंद, फोन आडवा (टीव्हीवाले आडवाच मागतात), आणि एकच प्रश्न घ्या. उदाहरणार्थ उपासाचं सैंधव. लोकांना वाटतं ते मीठ नव्हेच, म्हणून बीपीचे पेशंट उपासाच्या दिवशी बिनधास्त घालतात, पण तेही बहुतांश सोडियम क्लोराइडच आहे. किंवा साबुदाणा, तो जवळजवळ सगळा स्टार्च, खिचडीत जे काही प्रोटीन असतं ते दाण्याच्या कुटाचं. असं घरातलं, कामाचं आणि बरोबर बोललात की गेस्ट कोऑर्डिनेटरला, म्हणजे चॅनेलसाठी पाहुणे शोधणाऱ्याला, लगेच कळतं की या बाई कॅमेऱ्यासमोर चालतील. पेशंटचे बिफोर-आफ्टर फोटो, रिपोर्ट असलं काही मात्र टाकू नका, नाव झाकलेलं असलं तरी.

चुकीच्या माणसाला, चुकीच्या वेळी, चुकीचा मेसेज

संपादकांना रिक्वेस्ट पाठवून लोक वाट बघत बसतात. संपादक पाहुणे शोधत नाहीत हो. सर्चमध्ये फीचर एडिटर, हेल्थ रिपोर्टर, गेस्ट कोऑर्डिनेटर, पॉडकास्ट प्रोड्युसर हे शब्द टाका आणि लोकेशनला मुंबई. शिवाय पोस्टच्या टॅबमध्ये "डायटिशियन हवी", "न्यूट्रिशन एक्स्पर्ट" असं इंग्रजी-मराठी दोन्हीत शोधून तारखेचं फिल्टर गेल्या २४ तासांवर लावा, बरीचशी गरज तिथे उघडी पडलेली असते आणि पहिल्या तासात उत्तर देणारीला काम जातं.

मेसेजमध्ये "संधी मिळाली तर आवडेल" एवढंच लिहिलं तर समोरच्यानं करायचं काय? त्याला विषय द्या. कनेक्शनच्या नोटमध्ये दोन-तीन वाक्यांचीच जागा असते, तेवढी पुरते: "नमस्कार मॅडम, मी किडनीच्या पेशंटची डायटिशियन. नवरात्रात उपास करणाऱ्या डायलिसिसच्या पेशंटनी बटाटा, रताळं, फळं किती खावीत यावर कोणी बोलत नाही, तुमच्या पुरवणीसाठी ६०० शब्द देऊ शकते." हे घटस्थापनेच्या आदल्या दिवशी पाठवून उपयोग नाही, पुरवण्यांची पानं आधी लागतात, तीन-चार आठवडे आधी पाठवा. कॅलेंडर डोळ्यासमोर ठेवा: १ ते ७ सप्टेंबर पोषण सप्ताह, १४ नोव्हेंबर जागतिक मधुमेह दिन, मार्चचा दुसरा गुरुवार जागतिक किडनी दिन, शिवाय आपले सणवार आहेतच. उत्तर आलं नाही तर आठवड्यानं एकदा आठवण करा. एकदाच.

काम आल्यावरच्या चुका

हॉस्पिटलमध्ये नोकरी असेल तर बोलायच्या आधी परवानगी घ्या, बहुतेक ठिकाणी पीआर किंवा कम्युनिकेशन विभागातून जावं लागतं आणि ते न करता हॉस्पिटलचं नाव टीव्हीवर झळकलं की नोकरीवर येतं. रोज ट्रेनमध्ये असता त्या वेळेत लाइव्ह फोनो (फोनवरून थेट मुलाखत) घेऊ नका, आवाज तुटतो.

नाव झालं की ब्रँडचे मेसेज सुरू होतात. बिस्किट, प्रोटीन पावडर, ओट्स. घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण पैसे घेतलेत तर पोस्टवर "जाहिरात" असं स्पष्ट लिहा. आणि बाळांच्या दुधाच्या डब्यांपासून पूर्ण लांब राहा, १९९२ च्या कायद्यानं बाळांचं दूध, बाटल्या आणि बाळांचं अन्न विकणाऱ्या कंपन्यांना आरोग्य कर्मचाऱ्यांना त्यासाठी पैसे किंवा भेटवस्तू द्यायला मनाई आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. लिंक्डइनवर तो मेसेज "वेबिनार"च्या नावाखाली येऊ शकतो, म्हणून स्पॉन्सर कोण ते आधी विचारा.

पैशाचं बोलायला लाजू नका. बातमीतल्या दोन ओळींच्या कोटला सहसा काही मिळत नाही, ते ठीक. पण सदर, शूट, रेसिपी टेस्टिंग, स्क्रिप्ट तपासणं हे काम आहे, त्याचं मानधन, किती दिवसांत मिळणार आणि कात्रण किंवा क्लिप तुम्हाला वापरता येईल का, एवढं मेलवर लिहून घ्या. फोनवर ठरलेलं असेल तरी लगेच "आत्ता बोलल्याप्रमाणे" म्हणून एक मेल टाका.