मोबाइल चोरीला गेला? ‘गहाळ’ लिहून घेऊ नका

एसटी स्टँडच्या गर्दीत कुणी खिशातून मोबाइल मारला, तरी पोलीस ठाण्यात बऱ्याचदा ‘मोबाइल गहाळ’ असा दाखला हातावर टेकवतात. नवं सिमकार्ड काढायला तो चालतो, पण चोराच्या तपासाला त्याचा उपयोग नाही. तक्रारीत ‘चोरी’ असंच लिहायला लावा. चोरी दखलपात्र गुन्हा (म्हणजे पोलीस थेट तपास करू शकतात असा) असल्याने एफआयआर घ्यावाच लागतो. (माल ५,००० रुपयांच्या आतला असेल तर मात्र नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होते आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. जुन्या हँडसेटवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं.)

‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर तर ठरलेलंच! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला तरी माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते; यालाच झिरो एफआयआर म्हणतात. सही वाचूनच करा. आयएमईआय नंबर (हँडसेटचा ओळख क्रमांक) बरोबर उतरलाय का तेही बघा. प्रत फुकट मिळते. ठाणे अंमलदार ऐकतच नसतील, तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा. तिथेही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.