स्वतःचंच फोल्डर उघडेना? विंडोजमधली परवानगीची अडचण अशी सोडवा

सांगलीतल्या घरच्या कॉम्प्युटरवर उसाची बिलं, हळदीच्या पट्ट्या, सातबारे आणि लग्नाचे फोटो बहुधा एकाच डिस्कवर असतात. विंडोज नव्याने टाकलं, किंवा जुन्या कॅबिनेटमधली डिस्क नव्या मशिनला लावली, की त्याच फोल्डरवर ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं. मग कुणीतरी हमखास सांगतं, ‘एव्हरीवनला फुल कंट्रोल देऊन टाका.’ हे करू नका. त्यानंतर मशिनवरचं कुठलंही खातं, अगदी गेम खेळायला बसलेल्या पोराचंसुद्धा, त्या फायली पुसू शकतं.

डिस्क पुराच्या पाण्यात भिजलेली असेल तर पुढचं काहीच करू नका. ती विजेला जोडूच नका, थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

आधी अडचण खरंच परवानगीची आहे का ते बघा. ‘फाइल इन यूज’ असा मेसेज असेल तर तो प्रोग्रॅम बंद करा. पेनड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी टॅबच नसेल तर तो बहुतेक फॅट32 किंवा एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. तिथे परवानग्या नसतातच. फोल्डर उघडतंय पण एखादा प्रोग्रॅम डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह करू देत नसेल, तर विंडोज सिक्युरिटीमधलं ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ (अनोळखी प्रोग्रॅमना महत्त्वाच्या फोल्डरमध्ये बदल करू न देणारी सोय) तपासा आणि फक्त तेवढ्या प्रोग्रॅमला मुभा द्या. सी ड्राइव्हवरचं ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ उघडत नाही, ते तसंच असायला हवं. त्याला हात लावू नका.

आता मुख्य काम. विंडोज तुम्हाला नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्याला एक लांबलचक ओळख क्रमांक असतो आणि फोल्डरवर तोच नोंदलेला असतो. विंडोज पुन्हा टाकताना तेच नाव, तोच पासवर्ड दिला तरी क्रमांक नवा येतो. म्हणून सिक्युरिटी टॅबमध्ये ‘अकाउंट अननोन’ आणि पुढे आकडे दिसतात. ते तुमचंच जुनं खातं.

इथे कामं दोन आहेत आणि बहुतेक जण पहिल्यावरच थांबतात. फोल्डरची मालकी घेतली म्हणजे फोल्डर उघडलं, असं होत नाही. मालकाला परवानग्या बदलण्याचा हक्क मिळतो. वाचण्याची परवानगी त्याने स्वतःला वेगळी द्यावी लागते.

ॲडमिनिस्ट्रेटर खात्याने लॉगिन करा. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड. वर ‘ओनर’च्या ओळीत ‘चेंज’ दाबा. नाव टाइप करून ‘चेक नेम्स’ दाबलं तर चालतं, पण ईमेलने लॉगिन होणाऱ्या खात्यात नावाचा घोळ होतो. त्यापेक्षा तिथल्याच ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘फाइंड नाउ’ करून यादीतून खातं निवडा. मग ‘रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स’वर खूण करा. ती राहिली तर वरचं फोल्डर तुमचं होतं आणि आतली सगळी फोल्डरं आणि फायली जुन्या मालकाकडेच राहतात. अप्लाय करा. फोटो हजारोंनी असतील तर वेळ लागतो. मध्येच रद्द केलंत तर अर्ध्या फायली इकडे, अर्ध्या तिकडे.

आता सगळ्या खिडक्या बंद करून प्रॉपर्टीज पुन्हा उघडा. ही पायरी गाळू नका. नवी मालकी त्याशिवाय तिथे दिसत नाही. परत ॲडव्हान्स्ड, ‘ॲड’, ‘सिलेक्ट अ प्रिन्सिपल’, तुमचं खातं, ‘अलाउ’, ‘धिस फोल्डर, सबफोल्डर्स अँड फाइल्स’, फुल कंट्रोल. खालच्या ‘रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट’ने सुरू होणाऱ्या चौकटीवर खूण करून ओके. ‘अकाउंट अननोन’च्या ओळी राहिल्या तरी त्रास देत नाहीत.

हे सगळं फक्त तुमच्या डेटाच्या फोल्डरवर करायचं. अख्ख्या सी ड्राइव्हवर, विंडोज किंवा प्रोग्रॅम फाइल्सवर कधीही नाही. तिथल्या फायलींची मालकी मुद्दाम ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ या विंडोजच्याच अंतर्गत खात्याकडे ठेवलेली असते. ती बिघडवली की अपडेट अडतात, प्रोग्रॅम बंद पडतात, आणि मूळ परवानग्या जशाच्या तशा परत बसवणं घरी जवळपास अशक्य असतं.

तरीही उघडत नसेल तर परवानग्यांच्या यादीत ‘डिनाय’ म्हणजे मनाईची ओळ शोधा. मुलांनी हिशोब उघडू नये म्हणून ‘यूजर्स’ला डिनाय लावतात, पण त्या गटात तुम्हीही असता आणि त्याच फोल्डरवर डिनाय अलाउच्या वरचढ ठरतो. तो काढा. मुलांना थांबवायचं तर त्यांना परवानगीच देऊ नका, डिनाय वापरू नका.

फाइलवर कुलपाचं चिन्ह असेल तर ती एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक रूपात बंद केलेली आहे. मालकी घेऊन उपयोग नाही. जुन्या खात्याचं सर्टिफिकेट, म्हणजे ती उघडणारी डिजिटल किल्ली लागेल. अख्खा ड्राइव्हच बिटलॉकर या विंडोजच्या एन्क्रिप्शनने बंद असेल तर 48 अंकी रिकव्हरी की लागते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सेव्ह झाली आहे का ते बघा. की नसताना ‘उघडून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

पुढे हीच अडचण नको असेल तर घरात एकच ॲडमिनिस्ट्रेटर खातं ठेवा आणि बाकी सगळ्यांना स्टँडर्ड खाती द्या. सगळ्यांना लागणाऱ्या फायली ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये ठेवा, पण तिथे कट करून नव्हे, कॉपी करून न्या. त्याच ड्राइव्हवर कट-पेस्ट केलेली फाइल जुन्या परवानग्या सोबत आणू शकते. कॉपी केलेली फाइल नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते.