एका गोळीची स्वस्त रायफल: निवडताना, तपासताना, वापरताना

नळी बिजागरीवर खाली कलते, मागून एक काडतूस हाताने आत सरकवायचे, नळी वर उचलून तिला बंद धरणारा खटका बसवायचा, घोडा (मागची ठोकणारी हातोडी) चढवायचा, चाप ओढायचा. यंत्रणा एवढीच. मॅगझिन (काडतुसांची पेटी) नाही, बोल्ट (काडतूस आत ढकलणारी, हाताने सरकवायची कडी) नाही, म्हणून ती स्वस्त पडते. नळी मात्र कामचलाऊ असेलच असे नाही, आणि नेम मुख्यतः नळीवर ठरतो. बोल्टची जागा वाचल्यामुळे तेवढ्याच नळीच्या बोल्ट-अ‍ॅक्शनपेक्षा लांबी साधारण 4 इंचांनी कमी भरते. उघडली की रिकामी आहे हे दुरूनही दिसते. नवशिक्याला शिकवायला हा फार मोठा गुण आहे.

जुनी घेत असाल तर आधी ती रिकामी करून घ्या. एका हातात दस्ता आणि दुसऱ्या हातात नळी धरून बाजूला आणि वर-खाली हलवा. बिजागरीत खडखड जाणवली तर ती सोडून द्या. मग साध्या कागदाची पट्टी नळीचे मागचे तोंड आणि चौकट (नळी जिला जोडलेली असते तो धातूचा मधला भाग) यांच्यामध्ये ठेवून बंद करा. कागद घट्ट धरला गेला पाहिजे, सहज निसटला तर फट जास्त आहे. हेडस्पेस, म्हणजे बंद केल्यावर काडतुसाला मागेपुढे मिळणारी जागा, मात्र कागदाने कळत नाही. ते गेजने बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडूनच तपासून घ्यावे.

एच अँड आर 1871 या अमेरिकन कंपनीच्या हँडी-रायफल या अशाच एका गोळीच्या रायफलचे उत्पादन 2015 मध्ये थांबले, पण जुन्या मालात ती अजून दिसते. तिच्या चौकटीसाठी वेगळी नळी स्वस्तात मिळाली तरी ती थेट चढवू नका. प्रत्येक नळी त्या-त्या चौकटीला घासून बसवावी लागते. शिवाय शॉटगनसाठीच्या एसबी1 चौकटीवर जास्त दाबाच्या काडतुसाची रायफल-नळी लावायची नाही, त्यासाठी एसबी2 आहे. घरच्या घरी नळ्या बदलायच्या असतील तर थॉम्पसन/सेंटरची एन्कोर त्यासाठीच बनवली आहे, पण ती स्वस्तात मोडत नाही.

नेमाची मुख्य तक्रार एकच असते: पहिली गोळी जागेवर, पुढच्या हळूहळू वर सरकत जातात. पुढचा लाकडी किंवा प्लास्टिकचा भाग एका स्क्रूने थेट नळीला जोडलेला असतो. नळी तापली की त्याचा दाब बदलतो आणि गोळीची जागाही बदलते. उपाय सोपा आहे. स्क्रूच्या जागी नळी आणि लाकूड यांच्यामध्ये रबरी ओ-रिंग घाला, स्क्रू दर वेळी सारखाच आवळा आणि दोन गोळ्यांमध्ये नळी निवू द्या. वाळूची पिशवी पुढच्या भागाच्या टोकाखाली न ठेवता बिजागरीजवळ ठेवा. हे करून पाहण्याआधी दुर्बीण बदलण्यात पैसे घालवू नका.

काडतूस अडकणे हा दुसरा त्रास. बोल्ट वळवताना मिळते तशी तरफेची ताकद इथे नसते, ना काडतूस आत ढकलताना, ना कोष (काडतुसाची रिकामी पितळी खोळ) बाहेर काढताना. म्हणून चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसते ती जागा, ब्रशने नीट साफ ठेवा. काडतुसे स्वतः भरत असाल तर कोष पूर्ण लांबीने साच्यातून काढा. फक्त मान दाबलेल्या कोषावर नळी नीट बंद होईलच असे नाही. दाबही मर्यादेत ठेवा. बुडाशी कडेला रिम (बाहेर आलेली कड) असलेली .357 मॅग्नम, .45-70 यांसारखी काडतुसे इथे जास्त बिनबोभाट चालतात. .45-70 चा धक्का मात्र हलक्या रायफलमध्ये खांद्याला चांगलाच जाणवतो.

बिजागरीच्या पिनवर ग्रीसचा पातळ थर हवा. खटका नळीला जिथे पकडतो तो पृष्ठभाग मात्र कोरडा पुसलेला असावा. तिथे वंगण राहिले तर बार उडताना रायफल उघडू शकते.

दुसरी गोळी लगेच मिळणार नाही हे धरूनच अंतर ठरवा. पहिलीची खात्री नसेल तर चाप ओढू नका. दुर्बीण बसवली की घोड्यापर्यंत अंगठा नीट पोचत नाही, तेव्हा त्याला बाजूला निघणारी जोडपट्टी लावा. गोळी न झाडता घोडा उतरवायचा असेल तर नळी सुरक्षित दिशेला ठेवा, अंगठ्याने घोडा घट्ट धरूनच चाप दाबा, घोडा निम्म्यावर आला की चाप सोडा आणि मग तो अलगद खाली टेकवा. बोटे गारठलेली किंवा ओली असतील तर विशेष जपा. कुंपण ओलांडताना मात्र नळी उघडून काडतूस खिशातच ठेवा.