नायट्रॉक्सला जादा पैसे मोजताय? मग या चुका टाळा

नायट्रॉक्स (हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेलं, पाण्याखाली श्वासासाठी वापरायचं मिश्रण) घ्यावं की साध्या हवेवर भागवावं, हा प्रश्न बहुतेक डायव्हर सिलिंडर भरून देणाऱ्यालाच विचारतात. तो "घ्या" असंच म्हणणार. खरं उत्तर तुमच्या लॉगबुकात आहे. मागच्या काही डाइव्हच्या नोंदी काढा आणि प्रत्येक वेळी वर का यावं लागलं ते बघा. गेजचा काटा 50 बारवर आला, म्हणजे गॅस राखीव साठ्यापर्यंत संपला म्हणून, की मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवरची नो-डेको मिनिटं (वर येताना मध्ये थांबे न घेता खाली राहता येईल असा वेळ) संपत आली म्हणून? पहिलं कारण असेल तर नायट्रॉक्सचे पैसे जवळजवळ वाया जाणार आहेत. दुसरं असेल तर पुढचं वाचा.

"नायट्रॉक्स जास्त वेळ पुरतं" असं समजणं

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. साध्या हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो, नायट्रॉक्समध्ये सहसा 32 किंवा 36. ऑक्सिजन वाढला तेवढा नायट्रोजन कमी झाला, म्हणून शरीरात तो सावकाश साठतो आणि नो-डेको मर्यादा लांबते. सिलिंडरमधला गॅस मात्र तेवढाच राहतो, आणि तुमचा श्वासही.

आकडे मांडून बघू. 12 लिटरचं सिलिंडर 200 बारला भरलं की 2400 लिटर गॅस मिळतो. 50 बार राखीव ठेवले तर वापरायला उरतात 1800 लिटर. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर लागणारा डायव्हर 18 मीटरवर गेला की तिथल्या 2.8 बार दाबाला त्याला मिनिटाला 56 लिटर लागतात. म्हणजे 32 मिनिटांत खेळ संपला. मनोरंजनासाठीच्या डाइव्हिंगच्या एका प्रचलित तक्त्यात 18 मीटरला साध्या हवेवरची मर्यादा 56 मिनिटं आहे. तीच पूर्ण वापरली जात नाही, तर 32 टक्क्यांवर मिळणारी 95 मिनिटं घेऊन करायचं काय?

30 मीटरवर चित्र बदलतं. दाब 4 बार, त्यामुळे याच डायव्हरला मिनिटाला 80 लिटर लागतात आणि गॅस जेमतेम 22 मिनिटं पुरतो. (खरं तर एवढ्या खोलीवर 50 बारपेक्षा जास्त राखीव ठेवावी, म्हणजे वेळ आणखी कमी.) हवेवरची मर्यादा 20 मिनिटं. इथेही फायदा नावापुरताच. पण मिनिटाला 14 लिटरवर भागवणारी शांत श्वासाची डायव्हर घ्या. तिला गॅस 32 मिनिटं पुरतो आणि हवेवर असेल तर 20 व्या मिनिटाला कॉम्प्युटर तिला वर हाकलतो. 32 टक्क्यांच्या मिश्रणावर 30 मीटरला नायट्रोजन साठतो तो हवेवर साधारण 24-25 मीटरला साठेल तसा, म्हणून मर्यादा तिशीच्या आसपास जाते. ही दहा मिनिटं पैसे देऊन घेण्यासारखी आहेत.

थोडक्यात, श्वासावर ताबा आला नसेल तर आधी तो मिळवा. तरंगण्याचा समतोल साधणं आणि हात मारणं बंद करणं यांनी जेवढा वेळ वाढतो तेवढा सुरुवातीच्या काळात कोणतंही मिश्रण वाढवून देत नाही.

एकाच डाइव्हवरून हिशेब करणं

वरचं सगळं गणित पहिल्या डाइव्हचं आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या डाइव्हला मागचा नायट्रोजन अंगात उरलेला असतो आणि हवेवरची मर्यादा झपाट्याने आक्रसते. दिवसाला तीन-चार डाइव्ह, तेही सलग काही दिवस, अशी बोटीवरची सहल असेल तर नायट्रॉक्सची खरी कमाई तिथे आहे. तेव्हा मिनिटाला 20 लिटर लागणाऱ्यालाही फरक कळतो. उलट, 10-12 मीटरच्या प्रवाळावर दिवसातून एकदा उतरणाऱ्याने त्यासाठी एक पैसाही जादा देऊ नये.

आणि तुमचा बडी, म्हणजे डाइव्हमधला जोडीदार, हवेवर असेल तर? डाइव्ह त्याच्या कॉम्प्युटरप्रमाणे संपणार. घ्यायचं तर दोघांनी घ्यावं.

भलत्याच कारणासाठी घेणं

"डाइव्हनंतर थकवा येत नाही" हे खूप ऐकू येतं. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्रेशर चेंबरमध्ये 18 मीटरइतक्या दाबाला हवा आणि 36 टक्के मिश्रण यांची तुलना झाली. थकव्यात मोजता येईल असा फरक आढळला नाही. तुम्हाला ताजंतवानं वाटत असेल तर वाटू द्या, पण त्यासाठी घेऊ नका. खोलवर येणारी गुंगीही याने कमी होत नाही. ऑक्सिजनही गुंगी आणणाराच मानला जातो.

नायट्रॉक्स जास्त सुरक्षित, हा मुद्दा अर्धा खरा आहे. नायट्रॉक्स श्वासात घेऊन हवेच्याच मर्यादेत राहिलात तर नायट्रोजनच्या बाजूने मोकळीक वाढते. पण जास्तीची मिनिटं वापरून टाकली की ती मोकळीकही संपली. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

जास्त टक्के म्हणजे जास्त चांगलं, हा समज

इथे मात्र चूक पैशांची नाही, जिवाची आहे. ऑक्सिजनचा आंशिक दाब (एकूण दाबातला ऑक्सिजनचा वाटा) 1.4 बारच्या आत ठेवायचा, ही नेहमीची मर्यादा. त्यानुसार 32 टक्क्यांवर साधारण 33 मीटर, 36 टक्क्यांवर 28 मीटर. त्याखाली गेल्यास आकडीचा झटका येऊ शकतो, बरेचदा कसलीही पूर्वसूचना न देता, आणि पाण्याखाली झटका म्हणजे तोंडातून रेग्युलेटर (श्वास घेण्याचं उपकरण) सुटणं. तळ न दिसणाऱ्या खोल भिंतीवर 36 टक्के घेऊन उतरणं हा म्हणूनच वाईट सौदा. 40 मीटरला जायचंच असेल तर 28 टक्क्यांपुढे जाता येत नाही, आणि तिथे मिळणारा फायदाही बेताचाच.

सिलिंडरच्या पट्टीवर लिहिलंय म्हणून मानणं

सिलिंडर स्वतः तपासा. अॅनालायझर (ऑक्सिजनचे टक्के मोजणारं यंत्र) आधी साध्या हवेत 20.9 वर आणा. मग वाल्व्ह अगदी थोडा उघडा, प्रवाह मंद आणि एकसारखा ठेवा, आणि आकडा थांबेपर्यंत वाट बघा. पट्टीवर टक्के, कमाल खोली, तारीख आणि नाव लिहा.

आकडा डोलत राहिला तर प्रवाह कमी-जास्त होतोय किंवा सेन्सरवर ओल आली आहे, असं धरून पुन्हा हवेत जुळवा. हवेतच 20.9 गाठत नसेल तर सेन्सरचं आयुष्य संपलेलं असतं, दुसरा मागा. मागवलं 32 आणि निघालं 34, तर भांडण्याची गरज नाही: कमाल खोली 31 मीटर लिहा आणि बेत त्याप्रमाणे बदला. 38 वगैरे निघालं तर सरळ परत करा.

कॉम्प्युटर 21 वरच राहणं

पैसे नायट्रॉक्सचे आणि मिनिटं हवेची, अशी गंमत यात होते. शिवाय खोलीचा इशाराही हवेच्या हिशेबाने, म्हणजे 56 मीटरला, मिळतो. उलटी चूक जास्त घातक. सकाळी 32 वर लावलेला कॉम्प्युटर दुपारी हवेच्या सिलिंडरसोबत तसाच नेला तर तो नायट्रोजन कमी मोजतो आणि तुम्हाला न परवडणारी मिनिटं देत राहतो. काही मॉडेल ठरावीक वेळानंतर आपोआप मूळ सेटिंगवर जातात. म्हणून प्रत्येक सिलिंडर तपासल्यावर, पाण्यात उतरण्याआधी, आकडा बघायचाच.

छुपा खर्च विसरणं

कोर्स एकदाच करावा लागतो, पण भरणावळ प्रत्येक वेळी पडते. स्वतःचं सिलिंडर असेल तर आणखी एक बाब: काही ठिकाणी आधी शुद्ध ऑक्सिजन भरून वर हवा देतात. त्यासाठी सिलिंडर आणि वाल्व्ह ऑक्सिजनसाठी खास साफ केलेले लागतात, आणि ती सफाई ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते. तयार मिश्रण भरणाऱ्या ठिकाणी ही कटकट सहसा नसते. भाड्याच्या सिलिंडरवर डाइव्ह करणाऱ्यांना तर याची चिंताच नको.

परतीच्या विमानाआधी थांबायचे तास नायट्रॉक्समुळे कमी होत नाहीत. एका डाइव्हनंतर किमान 12 तास, अनेक डाइव्ह झाल्या असतील तर 18 तास, हे हवेवरचंच गणित धरा. आणि बोटीवर नायट्रॉक्स भाड्यातच धरलेलं असेल तर बिनदिक्कत घ्या, फक्त फुकटचं सिलिंडरही तपासूनच.