जनावरांच्या लसी: मृग आणि कारखान्याचा बॉयलर बघून तारखा धरा

आपल्याकडं सातारा-सांगलीत लसीचं वेळापत्रक धरायचं तर दोनच गोष्टी बघायच्या, मृग कधी निघतोय आणि साखर कारखान्याचा बॉयलर कधी पेटतोय. लस टोचल्यावर जनावराच्या अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे जातात, त्यामुळं शेजारच्या गोठ्यात लाळ गळायला लागल्यावर डॉक्टरला फोन लावून काय उपयोग.

सगळ्यात आधी लाळ्या खुरकूत. ही लस वर्षातनं दोनदा, सहा-सहा महिन्यांनी, आणि 2019 पासनं केंद्र सरकारच्या मोहिमेत फुकट मिळते. मार्च-एप्रिलची फेरी झाली की दुसरी सप्टेंबरातच उरकून घ्या, दिवाळी उजाडू देऊ नका, कारण उसाचा हंगाम सुरू झाला की बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या बैलगाड्या घेऊन उतरतात, लांब लांबची जनावरं एकाच पाणवठ्यावर येतात, आणि आपण त्याच उसाच्या फडातलं वाडं, म्हणजे उसाच्या शेंड्याची वैरण, विकत घेऊन गव्हाणीत टाकतो. हा विषाणू लाळेतनं, वैरणीतनं, आपल्या चपला-कपड्यातनं, दुधाच्या किटलीसंगं पण गोठ्यात येतो. टोळीवाल्यांना दोष देऊ नका, त्यांचं सगळं पोट त्या बैलांवर असतं, आपल्या फडात टोळी आली की बैलांना लस झालीय का विचारा आणि नसली तर दवाखान्याशी बोलून टोचून घ्यायला मदत करा, त्यात आपलं पण भलं आहे. पुसेगाव नाहीतर खरसुंडीच्या बाजारातनं खोंड आणला तर तीन आठवडे वेगळा बांधा, पाण्याची बादली पण वेगळी. वासराला पहिला डोस चार महिन्यांचं झाल्यावर आणि बूस्टर त्यानंतर एका महिन्यानं. हा बूस्टर बरेच जण विसरतात आणि मग लस देऊनपण आजार आला म्हणतात.

घटसर्प आणि फऱ्या ह्या दोन्ही लसी वर्षातनं एकदा, मे महिन्यात, मृगाच्या आधी, सहा महिन्यांच्या वरच्या जनावरांना. घटसर्पात ताप चढतो, गळा सुजतो, घरघर लागते आणि जनावर एका दिवसात पण जातं, म्हशींना तर जास्तच धोका. फऱ्या नेमका सहा महिने ते दोन वर्षांच्या चांगल्या पोसलेल्या जनावराला गाठतो, मांडी नाहीतर खांदा सुजतो, दाबलं की चरचर वाजतं, लंगडतं. असं दिसलं की सकाळची वाट बघू नका, त्याच घटकेला डॉक्टर.

लम्पीची लस पण वर्षातनं एकदा, माश्या-डास वाढायच्या आत, 2022 ला काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. संकरित गाई असतील तर गोचीड तापाच्या लसीचं डॉक्टरना विचारा, आणि लस असो नसो गोठ्याच्या भेगा-सांदी साफ ठेवा, गोचीड तिथंच अंडी घालते. ब्रुसेला म्हणजे गाभ पाडणारा आजार, त्याची लस फक्त कालवडी-पारड्यांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, जन्मात एकदाच. वय निघून गेलं तर गेलं. हा आजार माणसालापण होतो, म्हणून गाभडलेल्या गाईचा वार उघड्या हातानं कधीच उचलू नका.

लसीच्या आधी साधारण पंधरा दिवस जंताचं औषध पाजा, पण नुकत्या गाभण गाईला अल्बेंडाझोल देऊ नका, गर्भाला धोका असतो, डॉक्टरला विचारूनच द्या. टोचायच्या दिवशी जनावराला ताप नको. लस 2 ते 8 डिग्रीत राहिली पाहिजे, गोठली तरी खराब आणि तापली तरी खराब, त्यामुळं डबा बर्फाचा आहे का ते बघा, बघायला लाजायचं काय. प्रत्येक जनावराला सुई नवी मागा. शेवटच्या महिन्यातल्या गाभण जनावराचं आधी सांगा. टोचल्यावर अर्धा तास तिथंच थांबा, एखाद्याला रिॲक्शन येते, लगेच इंजेक्शन दिलं तर वाचतं.

दोन-तीन दिवस दूध थोडं कमी होतं, टोचल्या जागी गाठ येते, ह्याच भीतीनं लोक लस टाळतात. पण खुरकूत झाली तर गाईचं ते वेत बहुतेक हातचं जातं, खुरं सडतात, आणि बरी झाल्यावरसुद्धा काही गाई उन्हात धापा टाकत बसतात, पुढं गाभण राहायला त्रास देतात.

कानात बारा आकडी बिल्ला मारून घ्या, त्या नंबरवर लसीची नोंद चढते. गोठ्यातल्या कॅलेंडरवर पण लिहा, कुठली लस, कुठलं जनावर, पुढची तारीख.

आणि एवढं करून आजार आलाच तर आजारी जनावर लांब बांधा, त्याची धार शेवटी काढा, तोंड पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यानं धुवा, गोठा कपडे धुण्याच्या सोड्याच्या 4 टक्के पाण्यानं, म्हणजे दहा लिटरला 400 ग्रॅम, आणि 1962 ह्या जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा.