बाटलीतल्या बटाट्याची पानं काचेसारखी होत होती, त्यावरचा उपाय

आमच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये बाटल्यांत वाढवलेली कुफरी पुखराज या बटाट्याच्या जातीची रोपं बिघडायला लागली. खोड किडकिडीत, पानं बारकी, काही तर काचेसारखी पारदर्शक. बुरशी नाही, जिवाणू नाही. सगळे एमएस माध्यमालाच (रोपं ज्यावर वाढतात त्या अन्नद्रव्यांच्या जेलीला) दोष देत होते. मला ते पटेना. झाकणं घट्ट आणि आतून पाण्याचे थेंब, म्हणजे हवा कोंडलेली. बटाट्याचं रोप स्वतःच सोडलेला इथिलीन वायू साठला की असंच खुरटतं. मग झाकणांना भोक पाडून सूक्ष्म फिल्टर चिकटवला, माध्यम घट्ट करणारं अगार किंचित वाढवलं. ट्यूबलाइटचे चोक वरच्या फळीला खालून शेकत होते, त्याने बाटल्यांत वाफ धरते (हे कुणी आधी सांगत नाही!), ते रॅकबाहेर काढले. पुढच्या खेपेला खोडाच्या एकेका डोळ्याच्या तुकड्यातून रुंद, हिरवी पानं फुटली. आता ती रोपं मिनीट्यूबरसाठी (बियाण्याच्या छोट्या बटाट्यांसाठी) नेटहाउसात, म्हणजे जाळीच्या घरात, कोकोपीटमध्ये लावलीत. मावा कीड शिरू नये म्हणून दुहेरी दार आहेच.