दोन देशांतले वर्ग जोडायचे कसे : ऑनलाइन प्रकल्पापासून विद्यार्थी आदानप्रदानापर्यंत

परदेशी शाळेशी जोडलेले उपक्रम बहुधा एकाच जागी अडतात. पहिला व्हिडिओ कॉल धमाल होतो. मुले हात हलवतात, आवडता खेळ कोणता हे विचारून होते, दोन गाणी होतात. दुसऱ्या कॉलला बोलायला काही उरत नाही आणि तिसरा कॉल होतच नाही. दोष तंत्रज्ञानाचा नसतो. समोरच्या वर्गाकडून आपल्याला नेमके काय हवे आहे, हे कोणी ठरवलेलेच नसते.

म्हणून सुरुवात कामापासून करा, भागीदार नंतर शोधा. कामाची परीक्षा सोपी आहे : दुसऱ्या वर्गाने काहीच पाठवले नाही तरी आपला प्रकल्प पुरा होतो का? होत असेल तर तो बदला. ‘आमचे सण, तुमचे सण’ ही जोडी या परीक्षेत नापास होते, कारण दोन्ही वर्ग आपापले सादरीकरण करून मोकळे होतात. एका वर्गाने अर्धी लिहिलेली कथा दुसऱ्याने पुरी करणे, एकाच प्रश्नावलीने दोन गावांतल्या पाणीवापराची पाहणी करून आकडे एकत्र मांडणे, किंवा दोन ठिकाणच्या सावल्यांवरून पृथ्वीचा परीघ काढणे ही कामे पास होतात. यातला सावलीचा प्रकल्प पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी उत्तम. भाषा कमी लागते, उत्तर पडताळून पाहता येते आणि एकट्या शाळेला तो करता येत नाही.

सावलीचा प्रकल्प, पायरीपायरीने

इ.स.पू. तिसऱ्या शतकात एराटोस्थेनीस या ग्रीक विद्वानाने अलेक्झांड्रिया आणि सायीनी (आजचे अस्वान) या दोन ठिकाणच्या दुपारच्या सूर्यकोनांतला फरक वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणजे ७.२ अंश, धरला आणि त्यावरून परीघ काढला. दोन वर्गांनी करायचे ते हेच.

सरळ काठी घ्या, जमिनीपासून टोकापर्यंत बरोबर १०० सेंटिमीटर. ती सपाट जमिनीवर उभी करा आणि ओळंब्याने उभेपणा तपासा. त्या दिवशीच्या स्थानिक मध्यान्हाच्या (आपल्या गावी सूर्य सगळ्यांत उंच असतो त्या वेळेच्या) ३० मिनिटे आधीपासून ३० मिनिटे नंतरपर्यंत, दर ५ मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करा. सगळ्यांत आखूड सावली ती मध्यान्हाची. घड्याळातले १२ म्हणजे मध्यान्ह असे धरू नका, फरक तासाहूनही जास्त असू शकतो. दोन्ही वर्गांनी आपापल्या मध्यान्हाला मोजायचे, एकाच क्षणी नव्हे.

सावलीची लांबी भागिले काठीची उंची म्हणजे काठी आणि सूर्यकिरण यांच्यातल्या कोनाचा टॅन्जंट. लहान इयत्तांना हाच त्रिकोण प्रमाणात काढून कोनमापकाने मोजता येतो. समजा एका वर्गाची सावली २२ सेंटिमीटर आली, तर कोन १२.४ अंश. दुसऱ्याची ६० सेंटिमीटर आली, तर ३१ अंश. फरक १८.६ अंश. दोन ठिकाणांमधले उत्तर-दक्षिण अंतर २,०५० किलोमीटर असेल, तर २,०५० × ३६० ÷ १८.६ = सुमारे ३९,६८० किलोमीटर. ध्रुवांवरून जाणारा खरा परीघ सुमारे ४०,००८ किलोमीटर आहे, म्हणजे चूक एका टक्क्याच्या आत.

आता बिघडते कुठे ते पाहा. एका ठिकाणची सावली उत्तरेला आणि दुसऱ्या ठिकाणची दक्षिणेला पडत असेल, तर कोनांची वजाबाकी नाही, बेरीज करायची. ही चूक इतकी सहज होते की सावलीची दिशा लिहिण्याचा रकाना तक्त्यात आधीच ठेवावा. दोन शाळांमधले सरळ अंतर चालत नाही. एका शाळेपासून दुसरीच्या अक्षांशापर्यंतचे उत्तर-दक्षिण अंतर डिजिटल नकाशाच्या मोजपट्टीने घ्या. अक्षांशांच्या फरकाला १११ ने (एका अंशाच्या किलोमीटरांनी) गुणून ते काढू नका, कारण त्या १११ मध्येच पृथ्वीचा परीघ दडलेला आहे. (काटेकोर बोलायचे तर डिजिटल नकाशाही पृथ्वीचा आकार गृहीत धरतोच, पण निदान मुलांच्या वहीत उत्तर आधीच शिरत नाही.)

सूर्य म्हणजे बिंदू नव्हे, तबकडी आहे. त्यामुळे सावलीचे टोक धूसर दिसते आणि १ सेंटिमीटरची चूक सहज होते. त्याने कोनात जवळजवळ अर्ध्या अंशाचा फरक पडतो. शाळांमध्ये २,००० किलोमीटर उत्तर-दक्षिण अंतर असेल तर हा फरक पचतो. ३०० किलोमीटरच असेल तर उत्तर १५ ते २० टक्क्यांनी चुकते. तेव्हा निदान १,००० किलोमीटर तरी हवेत, आणि भागीदाराच्या शोधातला हाच पहिला निकष.

ढगांचे काय? विषुवदिनाच्या सुमारास, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, मध्यान्हाचा सूर्य रोज सुमारे ०.४ अंशाने सरकतो. तिथे एका दिवसाची चुकामूक महागात पडते. जून आणि डिसेंबरच्या अयनदिनांजवळ हा बदल जवळजवळ शून्य असतो, म्हणून एका वर्गाने सोमवारी आणि दुसऱ्याने बुधवारी मोजले तरी बिघडत नाही. शाळांना सुट्टी नसेल तर तोच काळ निवडा. नाहीतर तीन पर्यायी तारखा आधीच ठरवून ठेवा.

भागीदार

शिक्षकांच्या जुन्या जाळ्यांपैकी आयअर्न १९८८ पासून चालते. तिथे चालू प्रकल्पात नंतर सामील होता येते, आणि नवख्यांना स्वतःचा प्रकल्प उभारण्यापेक्षा ते सोपे जाते. ई-ट्विनिंग २००५ मध्ये सुरू झाले. ते युरोपीय आणि काही शेजारी देशांच्या शाळांसाठी आहे, त्यामुळे आपला देश यादीत बसतो का ते आधी पाहावे. हवा, पाणी, माती यांच्या नोंदी करायच्या असतील तर १९९५ पासून चालणारा ग्लोब हा कार्यक्रम आहे. त्याच्या मोजणीच्या पद्धती ठरलेल्या असल्याने दोन देशांतले आकडे खरोखर तुलना करण्याजोगे असतात.

पहिल्या पत्रात ‘सहकार्य करू या’ असे मोघम लिहू नका. मुलांचे वय, पटसंख्या, आठवड्यातल्या किती तासिका देता येतील, कामाची भाषा, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आणि आपल्याला त्यांच्याकडून हवी असलेली एकच गोष्ट, हे सगळे एका पानात येते. उत्तर आले की दोन्ही शिक्षकांनी मुलांविना एकदा बोलावे. हा कॉल टाळणारे पुढे गाळात जातात. आठवड्यातून किती वेळा निरोप पाहणार आणि कितव्या दिवशी उत्तर नाही आले तर फोन करायचा, हे तिथेच ठरवा. पटसंख्येत फार फरक असेल, समजा १८ आणि ४५, तर एकास एक जोड्या जमणार नाहीत. तेव्हा गटांना गट जोडा.

कॅलेंडर

तंत्रज्ञानापेक्षा कॅलेंडर जास्त प्रकल्प बुडवते. जपानमध्ये शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, ऑस्ट्रेलियात जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीत, तर युरोप-अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. दोन्ही शाळांच्या सुट्ट्या आणि परीक्षा एकाच तक्त्यात टाकल्या की सलग मोकळे सहा ते आठ आठवडे कुठे मिळतात ते दिसते. बहुतेकदा अशी एक-दोनच खिंडारे सापडतात. प्रकल्प तिथेच बसवा.

वेळ लिहिताना दोन्ही स्थानिक वेळा आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), तिन्ही लिहा. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी उन्हाळ्यासाठी घड्याळ तासभर पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे नेहमीचा फरक तासाने बदलतो आणि रिकाम्या पडद्यासमोर वर्ग बसून राहतो. कित्येक देश घड्याळ बदलतच नाहीत. नेपाळसारखी, यूटीसीपासूनच्या फरकात पाऊण तास असलेली वेळही असते. शाळेच्या वेळा जुळतच नसतील तर थेट कॉलचा हट्ट सोडा. दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रित निरोप पाठवून प्रकल्प उत्तम चालतो, आणि बुजरी मुलेही त्यात बोलतात.

परवानगी आणि साधने

पालकांचे संमतीपत्र एकच आणि सर्वसमावेशक नको. चेहरा दिसणे, आवाज, लिखाण आणि ते सार्वजनिक करणे यांना वेगवेगळ्या चौकटी द्या. ज्या पालकांनी चेहऱ्याला नकार दिला त्यांच्या मुलांना मोजणी, नकाशा, आकडेमोड अशी खरी कामे द्या, नुसते बाजूला बसवू नका. पूर्ण नाव, पत्ता, शाळेचा बिल्ला पडद्यावर येऊ देऊ नका. मुलांची खाती उघडायची असतील तर वयाचे नियम पाहा. युरोपीय संघात डिजिटल संमतीचे वय १६ आहे आणि सदस्य देश ते १३ पर्यंत खाली आणू शकतात. अमेरिकेत १३ वर्षांखालील मुलांची माहिती ऑनलाइन सेवांना पालकांच्या संमतीशिवाय गोळा करता येत नाही. सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे मुलांची खातीच न उघडता शिक्षकांच्या खात्यातून काम चालवणे.

निवडलेले साधन दोन्ही शाळांच्या इंटरनेटवर उघडते का, ते शाळेतच बसून तपासा. चीनमध्ये गूगलच्या सेवा चालत नाहीत, आणि अनेक शाळा व्हिडिओची संकेतस्थळे स्वतःच बंद ठेवतात. झूमच्या मोफत खात्यात कॉल ४० मिनिटांनी तुटतो, म्हणून कार्यक्रम ३० मिनिटांचाच आखा.

कॉलच्या वेळी एका खोलीत एकच मायक्रोफोन चालू असावा. दोन-तीन लॅपटॉप एकाच वर्गातून जोडले आणि सगळ्यांचे आवाज चालू राहिले की घुमणे आणि किंचाळी सुरू होते. लॅपटॉपचा अंगचा मायक्रोफोन मागच्या बाकांपर्यंत पोहोचत नाही, तेव्हा बोलणाऱ्याने पुढे यावे किंवा सगळीकडून आवाज घेणारा बाहेरचा मायक्रोफोन लावावा. मुलांच्या मागे खिडकी आली तर चेहरे काळे दिसतात. प्रश्न आदल्या दिवशी पाठवून ठेवा. परक्या भाषेत ऐन वेळी उत्तर देणे मोठ्यांनाही जड जाते, आणि शांत बसलेला वर्ग कंटाळलेला आहे असा समोरच्यांचा गैरसमज होतो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शांतता पसरली तर आठवणीचे लांबलचक पत्र पाठवू नका. आपले आकडे भरून समोरचा रकाना रिकामा असलेला तक्ता पाठवा. तेवढे पुरते.

प्रत्यक्ष भेट

ऑनलाइन एक प्रकल्प तडीस गेल्याशिवाय प्रवासाचा विचार करू नये. समोरचा शिक्षक वेळ पाळतो का, अडचण लपवतो की सांगतो, हे त्यातच कळते. पाहुणी मुले तिकडे त्याच्या भरवशावर असणार आहेत.

शाळेला हे सगळे एकटीने करावे लागत नाही. एएफएस १९४७ पासून विद्यार्थ्यांचे आदानप्रदान चालवते, रोटरीचा युवक विनिमय कार्यक्रम आहे, आणि युरोपात इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या कार्यक्रमाखाली शाळकरी मुलांच्या गटाला २ ते ३० दिवस जाता येते. शाळा स्वतः करणार असेल तर दहा-बारा महिने हाताशी ठेवा. आधी मुख्याध्यापकांचा लेखी करार : कोण कशाचा खर्च करणार, कोण केव्हा मुलाला परत पाठवू शकतो. मग पासपोर्ट, कारण काही देश परतीनंतर आणखी सहा महिने मुदत शिल्लक असावी असा आग्रह धरतात. अल्पवयीन मुलासाठी दोन्ही पालकांचे नोटरी केलेले संमतीपत्र अनेक ठिकाणी मागितले जाते. विम्यात उपचार, मायदेशी परत आणणे आणि मुलाकडून झालेले दुसऱ्याचे नुकसान, या तिन्ही गोष्टी आहेत का, ते कलमे वाचून पाहा. तिसरी गोष्ट बहुतेकदा राहून जाते.

यजमान कुटुंब म्हणजे नुसती चांगली माणसे नव्हेत. घराला भेट, त्या देशाच्या नियमांप्रमाणे पार्श्वभूमीची पडताळणी आणि मुलासाठी स्वतंत्र पलंग हे किमान. दहा मुलांमागे दोन राखीव कुटुंबे ठेवा, ऐन वेळी कोणीतरी आजारी पडतेच. जोड्या लावताना छंदांआधी ॲलर्जी, पाळीव प्राणी, धूम्रपान आणि झोपण्याच्या वेळा पाहा. मुलाला कुटुंब बदलायचे असेल तर त्याने कोणाला सांगायचे, हे निघण्याआधी ठरलेले हवे, आणि ती व्यक्ती यजमान कुटुंबातली नसावी.

घराची आठवण पहिल्या आठवड्यात, बहुतेकदा रात्री दाटते. त्या वेळी तासभर घरी व्हिडिओ कॉल केला तर ती वाढते. घरच्यांशी बोलण्याची वेळ संध्याकाळी लवकर आणि ठरावीक ठेवा. पालकांना हे आधी समजावून सांगा, कारण जास्त फोन तेच करतात.

परतीच्या भेटीची तारीख पहिली भेट ठरतानाच लिहून घ्या, नाहीतर एकच शाळा कायम यजमान राहते. शिक्षकांची बदली होणारच, म्हणून करार, संमतीपत्राचे नमुने, वेळांचा तक्ता आणि समोरच्या शाळेतल्या दोन व्यक्तींचे संपर्क मुख्याध्यापकांच्या कपाटात एका फाइलमध्ये राहू द्या.